पंगसला लाल चट्टे: औषधी खाद्याचा डोस कसा काढायचा?

तळेकरी_इंदापूर
अर्ध्या एकराचं प्लास्टिक अस्तराचं शेततळं. पंगस (कॅटफिशचा एक प्रकार) सरासरी ४०० ग्रॅम, साधारण ५,५०० नग. चार दिवसांपासून पोटाला आणि परांच्या मुळाशी लाल चट्टे, काहींची पोटं फुगलेली. काल ३५ मेले. खाद्य रोज ५५ किलो जायचं, आता २२ किलोच संपतंय. दुकानदाराने ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची २० टक्क्यांची पावडर दिली, म्हणाला किलो खाद्याला ५ ग्रॅम, पाच दिवस. चालेल का?

जलचर
नाही चालणार. डोस माशाच्या किलोवर काढायचा असतो, खाद्याच्या नाही. हिशोब करा: ५,५०० × ०.४ = २,२०० किलो मासा. ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅटफिशला साधारण ५५ ते ८३ मिग्रॅ प्रति किलो रोज, सलग १० दिवस देतात. ७५ धरलं तर रोज १६५ ग्रॅम शुद्ध औषध लागतं. दुकानदाराच्या मापाने ११० ग्रॅम पावडर जाईल, म्हणजे २२ ग्रॅम औषध, किलोमागे १० मिग्रॅ. एवढ्याने जिवाणू मरत नाहीत, औषधाला सरावतात मात्र.

२० टक्क्यांच्या पावडरीने १६५ ग्रॅम गाठायचे तर रोज ८२५ ग्रॅम, म्हणजे किलो खाद्याला ३७ ग्रॅमच्या वर. एवढं खाद्याच्या गोळीला चिकटतच नाही. ५० टक्क्यांची घेतली तर किलोला १५ ग्रॅम पुरेल. आणि ४०० ग्रॅम हा आकडा आठवणीतला असेल तर फेकजाळ्याने ३०-४० मासे काढून वजन करा, हिशोब तिथेच चुकतो.

मूत्रपिंड_बघा
थांबा जरा. आधी रोग कोणता ते ठरू द्या. आताच तडफडणारे तीन मासे उघडा. पाठीच्या कण्याखाली गडद लाल मूत्रपिंड दिसेल. त्यात, यकृतात किंवा प्लीहेत पांढरे ठिपके असतील तर एडवर्डसिएला जिवाणूचा संशय. ठिपके नाहीत, पोटात लालसर पाणी आणि बाहेर रक्ताळलेले चट्टे असतील तर बहुधा एरोमोनास हा दुसरा जिवाणू. सकाळी अमोनिया आणि प्राणवायूही मोजा. अस्तराच्या तळ्यात गाळ माजला की असेच मासे मरतात, आणि तेव्हा औषध फुकट.

मेलेला, मऊ पडलेला मासा प्रयोगशाळेच्या कामाचा नाही. आजारी पण जिवंत मासे पाठवा, नाहीतर नुकते मेलेले बर्फात (गोठवू नका). रत्नागिरी किंवा उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयात, नाहीतर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत फोन करून नमुना घेतात का विचारा. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीला (जिवाणू वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते तपासायला) दोन-तीन दिवस जातात, तोवर खाद्य निम्मं करा आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) रात्रभर चालू ठेवा. औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान ही औषधं कोणी हातात ठेवली तर नको म्हणा, बंदी आहे.

तळेकरी_इंदापूर
तीन उघडले. ठिपके नाहीत, पोटात लालसर पाणी आहे. नमुना आजच पाठवतो. रिपोर्टमध्ये हेच औषध लागू आलं तर गोळीला लावायचं कसं?

जलचर
रोजचं रोज करा, दहा दिवसांचं एकदम नको. २२ किलो गोळी ताडपत्रीवर सावलीत पसरा. हे औषध उन्हात खराब होतं. ५० टक्क्यांची ३३० ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात कालवून फवारपंपाने मारा, सोबत दुसऱ्याने गोळी उलटी-सुलटी करत राहायचं. हातमोजे आणि मास्क हवेच. अर्धा तास सुकू द्या, मग ३०० मिली सोयाबीन तेल चोळा. तेल सोडू नका. मूठभर गोळ्या बादलीभर तळ्याच्या पाण्यात टाकून १० मिनिटं बघा: पाणी पिवळं झालं तर औषध गोळीवर टिकत नाही.

मूत्रपिंड_बघा
टाकताना एका कोपऱ्यात टाकू नका. तिथे दांडगे मासे सगळं ओढतात आणि अशक्त उपाशी राहतो. चारही काठांनी, सकाळी एकाच वेळी, १५-२० मिनिटांत संपेल एवढंच. औषधाचं खाद्य आधी, साधं नंतर. आता जे खातायत तेच वाचतील, खाणं पूर्ण सोडलेला मासा यातून सुटत नाही. म्हणून रिपोर्ट आला की एक दिवसही उशीर नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मर कमी झाली तरी दहा दिवस पुरे करा. सातव्या दिवसापर्यंत मर तशीच असेल तर डोस वाढवू नका, नमुना पुन्हा पाठवा.

विक्रीला शेवटच्या डोसानंतर किमान २१ दिवस थांबा. अमेरिकेत कॅटफिशला हाच अवधी आहे. घरच्या कालवणालाही तोच.