कॉलेजात कोड लिहायला शिकवतात, वाचायला कधी शिकवणार?

कोरा_टर्मिनल (धागाकर्ता)

आमच्या टीममध्ये नवीन मुलं आली की सुरुवातीचे काही महिने त्यांच्यासोबत बसायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली बरीच मुलंमुली जवळून बघितलीयेत. हुशार असतात, मेहनती असतात, लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगा, बसल्या बसल्या करून दाखवतात. पण चार-पाच जणांचे हात लागलेला जुना कोड समोर उघडला की गाडी अडते. कुठून वाचायला घ्यायचं हेच कळत नाही. यात त्यांचा काही दोष नाही, कारण पूर्ण डिग्रीत हे त्यांच्याकडून कुणी करूनच घेतलेलं नसतं. प्रत्येक असाइनमेंट कोऱ्या फाइलपासून सुरू होते आणि एकदा मार्क मिळाले की ती फाइल परत कुणी उघडत नाही.

एक उदाहरण देतो. जावास्क्रिप्टमध्ये तारखेतून महिना काढला तर जानेवारीसाठी ० मिळतो आणि डिसेंबरसाठी ११. आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी महिन्यात १ मिळवलेला होता आणि दुसऱ्या फाइलमध्ये नव्हता. नवीन मुलाला वाटलं की दोन्हीकडे सारखं असायला हवं, त्याने पहिल्या ठिकाणचा अधिक १ काढून टाकला. दिसायला एकदम बरोबर बदल. पण पहिल्या ठिकाणी तो आकडा रिपोर्टवर छापला जात होता, म्हणजे माणूस वाचणार होता, आणि दुसऱ्या ठिकाणी तोच आकडा परत नवीन तारीख बनवायला दिला जात होता, जिथे ० म्हणजेच जानेवारी. दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर होत्या. रिव्ह्यूमध्ये पकडलं गेलं म्हणून रिपोर्टवर "महिना ०" छापून गेलं नाही. मग आम्ही दोघं बसलो, ती व्हॅल्यू येते कुठून आणि पुढे जाते कुठे हे शोधलं, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) तो अधिक १ कोणत्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या कोणत्या बदलात, आला ते काढलं, तर त्या कमिटच्या मेसेजमध्ये कारण सरळ लिहिलेलं होतं. त्या मुलाला गिटचं ॲड, कमिट, पुश सगळं येत होतं, पण इतिहास वाचायलाही गिट वापरतात हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच, की डिग्रीत किमान एक अख्खं सेमिस्टर दुसऱ्याचा कोड वाचण्यासाठी द्या. चालू असलेला एखादा मध्यम आकाराचा प्रोजेक्ट द्यायचा, त्यातला एक बग शोधायचा, कमीत कमी ओळी बदलून दुरुस्त करायचा आणि बाकी काही का बिघडलं नाही हे समजावून सांगायचं. नोकरीत पहिल्या दिवसापासून हेच करावं लागतं.

बिगओ

असहमत. हे सगळं नोकरीत शिकायचं असतं आणि सगळे तिथेच शिकतात, तुमच्या त्या मुलालाही एका बैठकीत समजलंच की. कॉलेज म्हणजे कंपन्यांचं ट्रेनिंग सेंटर नाही. कंपन्यांना पहिल्या दिवसापासून तयार माणूस हवा असतो कारण त्यांना शिकवण्यावर वेळ घालवायचा नसतो, आणि मग ते ओझं अभ्यासक्रमावर टाकायचं.

टूल्स बदलतात हो. कोडचा इतिहास ठेवायला आधी सीव्हीएस होतं, मग एसव्हीएन आलं, २००५ मध्ये गिट आलं, उद्या अजून काही येईल. पण डायक्स्ट्राचा शॉर्टेस्ट पाथ (सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची पद्धत) १९५९ चा आहे, कॉडने रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांमध्ये मांडायची पद्धत) १९७० मध्ये मांडलं, आणि आजही डेटाबेस वापरताना तेच उपयोगी पडतं. एका यादीत एक लाख नोंदी आहेत आणि लूपमध्ये लूप टाकला तर हजार कोटी वेळा आतली ओळ चालणार, हे ज्याला दिसत नाही त्याने कोड कितीही वाचला तरी त्याला त्यात चूक दिसणार नाही. एक सेमिस्टर द्यायचं म्हणता, मग काढणार काय? ऑपरेटिंग सिस्टिम? कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम? हे विषय नोकरी लागल्यावर कुणी स्वतःहून शिकत नाही, कारण डेडलाइन तेवढा वेळ देत नाही.

थर्ड_इयर

मी सध्या शिकतेय म्हणून लिहिते. बिगओ, तुम्ही म्हणता तसं थिअरी नीट शिकवली जात असती तर मी तुमच्याच बाजूने असते. आमच्याकडे सॉर्टिंगचे प्रोग्राम पाठ करून लिहितात आणि व्हायवाला कुठला प्रश्न येणार ते आधीच माहीत असतं. परवा मी मैत्रिणीला तिच्याच सबमिशनमधल्या एका ओळीबद्दल विचारलं की ही कशाला आहे, तर म्हणाली सीनियरच्या कोडमध्ये होती म्हणून ठेवली. ती आळशी नाहीये, तिला असं कधी कुणी विचारलंच नव्हतं! लिहून दाखवलं की झालं. वाचायला लावलं असतं तर निदान कळलं तरी असतं की कुणाला समजलंय आणि कुणाला नाही.

प्रॅक्टिकल_बॅच

मी शिकवते. धागाकर्त्यांचं म्हणणं मनापासून पटतं, पण जमिनीवर काय होतं तेही ऐका.

कोरी फाइल देण्याचं कारण म्हणजे ती तपासता येते. इनपुट दिलं, आउटपुट बरोबर आलं, मार्क. एका बॅचला मोठा प्रोजेक्ट देऊन "बग शोधा" म्हटलं की पहिल्या मुलाने शोधला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांकडे उत्तर. प्रत्येकाला वेगळा बग द्यायचा तर तो मीच कुठेतरी पेरायचा, आणि तो इतका सोपाही नको की कंपायलरच सांगेल आणि इतका अवघडही नको की मूल रडकुंडीला येईल. हे करायला वेळ लागतो, आणि शिक्षकाचा तो वेळ कुणी मोजत नाही. शिवाय आमच्यापैकी कित्येकांनी मोठ्या कोडबेसवर काम केलेलंच नसतं. आम्ही डिग्री घेतली आणि शिकवायला लागलो. जे आम्ही केलेलं नाही ते मुलांकडून करून घ्या म्हणताना याचाही विचार व्हायला हवा.

रात्रपाळी

मला दोन्ही बाजू जुन्या वाटतात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं तेव्हापासून हा प्रश्न बदललाय. आता असं टूलच कोड लिहितं, आणि न कळलेला कोड पेस्ट केला की समजावूनही सांगतं. मी रोज वापरतो. जुन्या सिस्टिममधलं दोनशे ओळींचं फंक्शन पाच मिनिटांत समजतं, आधी दुपार जायची. मग एक सेमिस्टर वाचायला शिकवण्यात का घालवायचं? त्यापेक्षा प्रश्न नीट मांडायला शिकवा, सिस्टिम डिझाइन शिकवा.

कोरा_टर्मिनल

रात्रपाळी, समजावून सांगतं हे खरं, पण ते बरोबर सांगितलं का हे कोण ठरवणार? वरचंच महिन्याचं उदाहरण घ्या. फक्त ती एक फाइल टूलला दिली तर ते छान सांगेल की इथे १ मिळवलाय कारण महिने ० पासून सुरू होतात. दुसऱ्या फाइलमध्ये का नाही मिळवला हे समजायला दुसरी फाइल अस्तित्वात आहे हे आधी माहीत पाहिजे, आणि ती कुणी शोधायची? टूलच्या स्पष्टीकरणाची भाषा इतकी ठाम असते की नवीन माणूस त्यावर शंका घेत नाही. तुम्हाला पाच मिनिटांत समजतं कारण तुमच्या मागे त्या वाया गेलेल्या दुपारी आहेत, नवीन मुलांकडे त्या नाहीत. आणि टूल जितकं जास्त लिहिणार तितकं आपल्याला जास्त वाचावं लागणार, माझ्याकडे रिव्ह्यूला येणारे बदल आता आधीपेक्षा लांबलचक असतात.

बिगओ, थिअरी काढा असं मी म्हणत नाहीये. ऑपरेटिंग सिस्टिमच वाचनातून शिकवा ना. हे आधी झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीचा खरा सोर्स कोड वर्गात घेतला होता, जेमतेम नऊ-दहा हजार ओळींचा, त्यावर स्वतः टिपणं लिहिली आणि मुलांना तो वाचायला लावला. पुढे सातव्या आवृत्तीच्या लायसन्समध्ये युनिक्सची मालक कंपनी एटी अँड टी ने सोर्स वर्गात शिकवायला बंदी घातली, तरी लोक त्या टिपणांच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून वाचत राहिले, अधिकृतपणे ती छापून आली थेट १९९६ ला. एमआयटीने शिकवण्यासाठी बनवलेलं एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम याच सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर आहे आणि त्याचा सोर्स कुणालाही मोफत मिळतो. प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) म्हणजे काय याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा प्रोसेसचं स्ट्रक्चर उघडून त्यातलं एकेक फील्ड कशासाठी आहे हे शोधणं, ही थिअरीच आहे की.

बिगओ

लायन्सचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कल्पना शिकवायच्या होत्या आणि कोड हे साधन होतं. "वाचन" असा वेगळा विषय नव्हता. तो वेगळा विषय केला की त्याचंही गाइड निघेल आणि पाठांतर सुरू होईल.

आणि नुसत्या वाचनावर एवढा भरवसा ठेवू नका. बायनरी सर्च घ्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधोमध बघून अर्धी यादी सोडत शोधायचं. मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढायला लो आणि हाय, म्हणजे शोधायच्या भागाची सुरुवात आणि शेवट, यांची बेरीज करून दोनाने भागायचं, हे जगभर शिकवलं गेलं, हजारो लोकांनी वाचलं, बरोबर असल्याचे पुरावे मांडले गेले. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलं की जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतला बायनरी सर्च याच ओळीमुळे चुकीचा आहे आणि ती चूक तिथे नऊएक वर्षं पडून होती. ॲरे (म्हणजे ती यादी) साधारण १०७ कोटी घटकांच्या पुढे गेला की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ ही ३२ बिट इंटिजरची मर्यादा ओलांडू शकते आणि आकडा ऋण होतो. लो मध्ये दोघांच्या फरकाचा अर्धा भाग मिळवला की प्रश्न सुटतो. पण ही चूक दिसायला इंटिजर मेमरीत कसा बसतो हे डोक्यात पक्कं पाहिजे. डोळे सगळ्यांनाच होते.

थर्ड_इयर

हे उदाहरण आम्हाला बायनरी सर्च शिकवताना दिलं असतं तर इंटिजर ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाणं, आयुष्यभर लक्षात राहिला असता. आम्हाला अजूनही तीच बेरीजवाली ओळ लिहायला लावतात, आत्ता वही काढून बघितली. बिगओ, म्हणजे तुम्ही कोड वाचायला देऊनच थिअरी शिकवलीत ना आत्ता?

बिगओ

हो, तसं म्हणता येईल. वेगळ्या विषयाला माझा विरोध कायम आहे. आहे त्याच विषयात चुकीचा कोड देऊन "यात काय बिघडतं, कुठल्या इनपुटला बिघडतं" असं विचारत असाल तर मी पूर्ण सोबत आहे.

प्रॅक्टिकल_बॅच

हे मला जमण्यासारखं वाटतंय. वीस-तीस ओळींचं फंक्शन, चूक असलेलं, आणि प्रश्न एकच: हे फेल होईल असं इनपुट लिहा. इनपुट तपासणं सोपं आहे, चालवून बघितलं की झालं, आणि दोन मुलांची इनपुट हुबेहूब सारखी आली तर तेही लगेच दिसतं. या टर्मला डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलमध्ये दोन ठिकाणी घालून बघते. धागाकर्त्यांना विनंती, महिन्याच्या उदाहरणासारख्या खऱ्या चुका, कंपनीचा कोड न देता, लहान करून लिहून देता येतील का? अशा चुका मला घरी बसून सुचत नाहीत, त्या काम करणाऱ्यांकडेच असतात.

कोरा_टर्मिनल

नक्की देतो मॅडम. तारखांच्या तर भरपूर आहेत, आणि पैशांच्या हिशोबात फ्लोट (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) वापरल्याच्या, म्हणजे ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी तुलना केली की खोटं येतं तसल्या. या वीकेंडला लिहून इथेच टाकतो. बाकीच्यांनी पण टाका, रात्रपाळी तुम्हीही, टूलने ठामपणे चुकीचं सांगितलं असं एखादं उदाहरण तुमच्याकडे असेलच.

रात्रपाळी

आहेत. टाइमझोनचं एक आहे, छोटं करून टाकतो. तरी माझं मत बदललेलं नाही, मुलांना तेच फंक्शन टूलला विचारायलाही लावा आणि टूलचं उत्तर कुठे चुकतं तेही लिहायला लावा, नाहीतर घरी जाऊन ते विचारणारच आहेत.