चढावर टिकतो आणि माथ्यावर सुटतो: चढाच्या क्रिटचा अनुभव कुणाला आहे?

उशिरा_सुरुवात

मंडळी, गेल्या रविवारी आयुष्यातली पहिली क्रिट (छोट्या बंद सर्किटवर फेऱ्या मारायची सायकल शर्यत) केली आणि १४व्या फेरीत पंचांनी शिट्टी मारून बाहेर काढलं. वय ४१, वजन ७२, सायकल ८ किलोची. दोन वर्षं नियमित चालवतोय, पण सगळी लांब पल्ल्याची. घाट चढायला मला आवडतं, म्हणून सर्किटमध्ये चढ आहे म्हटल्यावर उलट खूश झालो होतो. तिथेच फसलो.

सर्किट १.२ किलोमीटरचं, सगळी वळणं डावी. रेषेपासून थोडं सपाट, मग वळण, मग रुंद सरळ उतार, तळाला काटकोनात वळण आणि वळण संपतं तिथेच चढ सुरू. चढ ३०० मीटर, साधारण ५ टक्के. माथ्यावर परत वळण आणि पुढे सपाट रस्ता रेषेपर्यंत. वेळ ४० मिनिटं अधिक २ फेऱ्या. म्हणजे एकूण २३ फेऱ्या धरा, आणि सगळा चढ मिळून साडेतीनशे मीटरसुद्धा नाही. आदल्या दिवशी हा हिशोब मी बायकोला हसत हसत सांगितला होता.

पहिल्या पाच फेऱ्या घोळक्याच्या शेपटीला होतो. तिथे सुरक्षित असतं असं मला वाटायचं. चढावर खरंच कुणी मला मागे टाकत नव्हतं, उलट मीच दोघातिघांना ओलांडायचो. पण माथ्यावर पोचलो की पुढचे गायब! मी अजून चढावर मान खाली घालून दाबतोय आणि ते वळून पार उतरणीच्या दिशेने निघालेले. मग ती फट भरायला सपाटीवर जीव तोडायचा, उतारावर जेमतेम शेवटचं चाक पकडायचं, तळाच्या वळणात सगळे ब्रेक मारणार म्हणून आपणही मारायचा, आणि परत चढ. आठव्या फेरीला मांड्या भरून आल्या. नवव्या फेरीला पुढच्याचं चाक हातचं सुटलं ते सुटलंच.

भरीस भर म्हणून अकराव्या फेरीत चढावर मोठ्या चेनरिंगवरून (पेडलजवळची दातेरी चकती) लहानवर टाकताना चेन पडली. पळत पिटमध्ये (दुरुस्तीच्या जागी) गेलो, म्हटलं एक फेरी माफ मिळते ना? पंच म्हणाले, "पंक्चर झालं, काही तुटलं किंवा पडलात तर मिळते. चेन पडली तर तुमची जुळणी चुकली." नियम त्यांचा बरोबर असेल, पण बोलण्याची पद्धत काही बरी नव्हती. बोटं काळी करून परत बसलो आणि तीन फेऱ्यांनी घोळक्याने मला मागून गाठलं, तीच ती शिट्टी.

घरी येऊन पॉवर मीटर बघितला तर चढावर दर वेळी ४०० वॉटच्या आसपास, ४० सेकंद. तेवढं मी एरवी करू शकतो, एकदा-दोनदा. मला कळत नाहीये ते हे: मी चढावर मागे पडत नाही, मग माथ्यावर का सुटतो? तीन आठवड्यांनी त्याच सर्किटवर परत शर्यत आहे. घाटाचा सराव वाढवू का?

तिसरी_रांग

तुम्ही माथ्यावर सुटत नाही. तिथे फक्त ते दिसतं.

समजा पुढचा माणूस तुमच्या ४ सेकंद पुढे आहे. चढावर ताशी २५ ने ४ सेकंद म्हणजे २८ मीटर. डोळ्यांना वाटतं, हा काय इथेच आहे. तोच माणूस माथा ओलांडून ताशी ५० ला पोचला की तेच ४ सेकंद ५६ मीटर होतात. वेळेचं अंतर वाढलेलं नसतं, रस्त्यावरचं दुप्पट होतं, आणि पुढच्याच्या पाठीमागे मिळणारा वाऱ्याचा आडोसा तर केव्हाच गेलेला असतो. शेपटीला असलेल्या माणसाला हे दर फेरीला भोगावं लागतं. तिथे सुरक्षित काही नाही. एकाचा दम संपला आणि त्याने पुढचं चाक सोडलं की त्याच्या मागचे सगळे त्याच्यासकट गेले.

सुरुवातीच्या रेषेवर कितव्या रांगेत उभे होतात ते लिहा. माझा अंदाज, शेवटच्या.

उशिरा_सुरुवात

शेवटच्या. नवीन माणसाने पुढे उभं राहणं बरं दिसत नाही असं वाटलं.

जड_पण_जिद्दी

दादा, तो संकोच आधी सोडा. लवकर जाऊन पहिल्या दोन रांगांत उभं राहायचं, कुणी काही म्हणत नाही. मी सहा वर्षं क्रिट करतेय आणि आमच्या गटात चढावर मी सगळ्यात जड असते, त्यामुळे हा विषय माझ्या मांड्यांचा आहे असं समजा.

तुमच्या वर्णनात मला चढापेक्षा तळाचं वळण जास्त खटकलं. पुढचे पाचसहा जण त्या वळणातून ताशी ४५ ने जात असणार, कारण त्यांच्या पुढे कुणी ब्रेक मारणारं नाही. शेपटीपर्यंत तेच ३० होतं. आता हिशोब करा. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ४५ चा वेग माणसाला नुसत्या जोरावर ८ मीटर उंच नेतो, ३० चा साडेतीन मीटर. तुमचा चढ आहे १५ मीटरचा. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा पुढच्यांना फुकट मिळतोय आणि तुम्ही तो पायांनी विकत घेताय. तुमच्या ८० किलोला (सायकल धरून) ते ४० सेकंदांत वाटलं तर ८५ वॉट होतात. दर फेरीला. तुमचे ४०० तिथून आलेत, चढाच्या टक्क्यांवरून नाही.

मी काय करते ते सांगते. उतारावर सगळे अंग आखडून विश्रांती घेतात, मी तिथे दोनचार पेडल जास्त मारून बाहेरच्या बाजूने वर सरकते. उतारावर पाच जागा कमावणं स्वस्त असतं. वळणात पहिल्या पाचात शिरायचं, बाहेरचा पाय खाली, नजर वळणाच्या पलीकडे, ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा. मग चढावर मी चक्क मागे सरकते! हलकी पोरं माझ्या दोन्ही बाजूंनी वर जातात, जाऊ देते. माथ्यावर पोचेपर्यंत दहाबारा जागा गेलेल्या असतात, पण अजून घोळक्यातच असते आणि ३५० वॉटच्या वर गेलेली नसते. पुढच्या उतारावर परत तेच. नवऱ्याला वाटतं मी दर फेरीला थकून मागे पडतेय, तो कठड्याजवळून ओरडत असतो.

आणि माथ्याच्या २० मीटर आधी पेडलवर उभं राहायचं, माथ्यावर नाही. माथा आला की आपण सैल सोडतो, सगळेच सोडतात. तिथले दहा सेकंद दाबलेत तर पुढचं मिनिट वाचतं.

घाटाचा सराव अजिबात वाढवू नका. ४० सेकंद जोरात, ७५ सेकंद हलकं, असं दहा वेळा, मग दहा मिनिटं आराम आणि परत दहा. रडू येईल.

गिअरबाज

चेनबद्दल. तुमच्याकडे ५०/३४ असणार, म्हणजे पुढे ५० आणि ३४ दातांच्या चेनरिंग. १६ दातांच्या फरकावर ताणलेली चेन खाली टाकली तर ती पडू शकते, पंचांचं म्हणणं मला तरी पटतं. ५ टक्के, ३०० मीटर, त्यासाठी लहान चेनरिंग लागत नाही. ५० पुढे आणि मागे २५ ठेवून ताशी २७ ला कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) १०५ च्या आसपास येतो, मागे १९ ठेवला तर ८० च्या आसपास. मोठीवरच राहा. आणि मागचा गिअर वळणाच्या आत शिरण्यापूर्वी टाका, चढ लागल्यावर नाही. आतल्या बाजूला चेन अडवणारा एक छोटा काटा मिळतो, तो बसवून घ्या.

घाटकरी

सगळे म्हणतात घाटाचा सराव करू नका, मला तितकंसं पटत नाही. चढ तीव्र असेल तर वेग घेऊन यायची चैन राहत नाही. अमेरिकेत आयोवातल्या बर्लिंग्टनला स्नेक ॲली नावाची विटांची गल्ली आहे, १८९४ ची. लांबी जेमतेम ८४ मीटर, पण त्यात १८ मीटरच्या आसपास चढते आणि तीही नागमोडी. १९८३ पासून तिथे क्रिट होते, दर फेरीला ती गल्ली. तिथे तळाला वाचवलेला वेग दुसऱ्या वळणापर्यंत संपतो, पुढे नुसती ताकद आणि लहान गिअर.

जड_पण_जिद्दी

घाटकरी, तिथे मी नावच देणार नाही. यांचा चढ ५ टक्क्यांचा आहे हो.

उशिरा_सुरुवात

तीन आठवड्यांनी परत आलो. पूर्ण केली! घोळक्यात संपवली, १९वा.

पहाटे जाऊन पहिल्या रांगेत उभा राहिलो, छाती धडधडत होती. पहिल्या फेरीला तळाच्या वळणात चौथा होतो आणि काय झालं ते कळलंच नाही, फारसा जोर न लावता अर्ध्या चढापर्यंत गेलो. खोटं वाटेल, पण हसू आलं. मग उत्साहाच्या भरात चढावर सगळ्यांच्या पुढे गेलो, तीन फेऱ्या घोळका ओढला आणि चौथीला पाय जड. त्यावेळी ताईंचं वाक्य आठवलं आणि मागे सरकायला लागलो. ते कठीण आहे हो. पाय नाही, मन ऐकत नाही. कुणीतरी बाजूने गेलं की हात आपोआप हँडल आवळतात.

एकदा उतारावर वर सरकायचं विसरलो (पुढच्याच्या मोज्यांकडे बघत बसलो होतो) आणि त्या एका फेरीला पुन्हा तेच जुनं: ब्रेक, ३० चा वेग, ४३० वॉट, माथ्यावर फट. भरून काढायला दोन फेऱ्या लागल्या. बाकी फेऱ्यांना चढावरची सरासरी ३३० च्या आसपास. चेन पडली नाही, ५० वरच राहिलो, १९ मात्र जड गेला, मी २१ वापरला.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा दहाव्या जागी होतो. तळाच्या वळणात माझ्या आतून एक जण घुसला, मी ब्रेकला हात लावला आणि नऊ जागा तिथेच गेल्या. तो ब्रेक लावायला नको होता की लावला तेच बरं केलं, दोन दिवस ठरत नाहीये.

आता एकच विचारायचं आहे. मी २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७५ पीएसआय हवा ठेवतो. पाऊस असेल तर त्या वळणासाठी किती कमी करायची?

जड_पण_जिद्दी

अभिनंदन! पाचसहा पीएसआय पुरे. रस्त्यावरच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर मात्र कितीही हवा काढून उपयोग नाही, त्या टाळायच्या. आणि ब्रेक लावला तेच बरं केलं.

तिसरी_रांग

नको होता लावायला. आतून कुणी शिरेल एवढी जागाच मुळात का ठेवली?