नोदू मल्लिक: सतार घडवणारा साथीदार

मोठ्या वादकामागच्या कारागिराचं नाव कुणाला आठवतं का? कोलकात्याचे नोदू मल्लिक घ्या. पं. रविशंकरांच्या सतारी त्यांनी घडवल्याच, शिवाय परदेश दौऱ्यांत त्यांच्या मागे तानपुरा घेऊनही तेच बसायचे. जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर ‘तानपुरा: एन. सी. मल्लिक’ छापलेलं दिसतं, ते हेच. साथीदारच सतार घडवणारा, याहून मोठं सुख वादकाला कुठलं?

आता जवारीचं बघा. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पृष्ठभागाचा नाजूक उतार म्हणजे जवारी; सतारीची झणझण त्यावरच ठरते. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात नि आवाज बसतो. मग तारा उतरवायच्या, पृष्ठभाग अगदी हलक्या हाताने कानसायचा, तार चढवून ऐकायचं, पुन्हा उतरवायची. किंचित जास्त घासलं की संपलंच! इथे नुसता हात चालत नाही, वादकाला कुठला आवाज हवाय ते कानात असावं लागतं. रविशंकरांना खर्जाच्या (खालच्या सुरांच्या) तारांसकट भरदार, खुला म्हणजे जास्त झणझणीचा आवाज हवा असे. सतारवादक विलायत खाँसाहेबांचा बंद, कमी झणझणीचा आवाज अगदी वेगळा, आणि त्यांच्यासाठी सतार घडवणारे हिरेन रॉय होते.

नोदूबाबूंनी 1961 साली केलेली सतार आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काचेआड तिची जवारी कोण लावणार, हा प्रश्न मात्र मला छळतो.