वस्तीतल्या पोरांसाठी कॉलेजची पोरं: वर्षभर तीच जोडी, नाहीतर नकोच (कोल्हापूरकरांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बिंदूचौक
एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजनेतून) कॉलेजची मुलं वसाहतीत शाळेच्या पोरांना मार्गदर्शनाला जातात, ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण पंधरा दिवस यायचं, पन्नास पोरांपुढं बोलायचं, फोटो काढायचा आणि परत फिरकायचं नाही, याला मार्गदर्शन म्हणू नये. मूल नेमकं कुठं अडलंय हे कळायलाच तीन-चार बैठका जातात.

माझं म्हणणं असं: कॉलेजच्या एका विद्यार्थ्याकडं वस्तीतली दोनच मुलं, आणि जून ते मार्च तीच. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. सुट्ट्या-परीक्षा वगळून २४ आठवडे मिळाले तरी ७२ तास होतात. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात. उरलेले ४८ तयारी, घरभेटी आणि शाळेतल्या बाईंशी बोलण्यात जावेत. प्रथम वर्षाची मुलं घेऊ नयेत. शाळा जूनच्या मध्याला भरते तेव्हा त्यांचे प्रवेशच चालू असतात. द्वितीय वर्षाचा घेतला तर तो पुढच्या वर्षीही त्याच दोघांना मिळतो.

रंकाळवेस
मला हे मुळातच पटत नाही. बी.कॉम.च्या पोराला गणित येतं म्हणजे शिकवता येतं असं नाही. सहावीतल्या मुलाला ४०२ वजा १५७ घाला. पुष्कळदा उत्तर येतं ३५५. म्हणजे पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: ७ मधून २, ५ मधून ०, ४ मधून १. मार्गदर्शक म्हणतो "हातचा विसरलास" आणि स्वतःच सोडवून दाखवतो. अहो, ते विसरलेलं नाही, मधल्या शून्याचा अर्थच त्याला लागलेला नाही. पुढच्या वेळी ३५५ च येणार.

त्यापेक्षा वस्तीतल्याच बारावी झालेल्या मुलींना मानधन द्या. नळाला पाणी कधी येतं, कुणाची आई किती वाजता कामावरून परतते, हे त्यांना माहीत असतं. सेमिस्टर परीक्षा आली म्हणून त्या गायब होत नाहीत.

गणिताची ताई
३५५ चं निदान अगदी बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. हे शिकवायला डी.एड. लागत नाही, कागदाच्या नोटा लागतात. शंभराच्या चार, दहाची एकही नाही, रुपयाची दोन नाणी. आता १५७ द्यायचेत. सुटे सात नाहीत, दहाची नोट नाही, मग शंभराची मोडायची: दहाच्या दहा. त्यातली एक मोडायची: दहाच्या नऊ उरल्या, नाणी झाली बारा. देऊन उरले २४५. दुकानात जाणाऱ्या पोराला हे सांगावं लागत नाही. मार्गदर्शकाची चूक होते ती घाईत. पहिल्या दोन बैठकांत नुसत्या नोटा, तिसऱ्या बैठकीत नोटांशेजारी वही. पहिल्याच दिवशी वही उघडली की ३५५ परत येतं.

वाचनातही इयत्ता बघू नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, हे 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीतले टप्पे पुरतात. सोप्या चार ओळी वाचायला द्या, अडखळलं की शब्दांवर या. आठवीतली मुलंसुद्धा 'र'वर अडतात. 'सूर्य'मधला रफार दिसतो य च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र य च्या आधी. म्हणून मूल 'सूयर' वाचतं. 'चक्र'मध्ये र तिरकी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये खाली काकपद. एका बैठकीत एकच रूप, दहा-बारा शब्द. आणि हे कान देऊन ऐकायचं असेल तर दोनच मुलं हवीत. पाच दिली की त्याची शिकवणी झाली.

पंचगंगा घाट
वेळापत्रक मांडताना कोल्हापूर विसरू नका. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. त्या दिवसांत नदीकाठच्या घरांत कुणाचं चित्त अभ्यासात नसतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर नाहीच. शिवाय शाळांमध्ये निवारा केंद्र होतं, म्हणजे वर्गखोलीही गेली. जुलै-ऑगस्टचे दोन आठवडे आधीच मोकळे धरा. वह्या आणि नोंदवही झाकणाच्या डब्यात, माळ्यावर.

पुढं गणपती, नवरात्र, मग विद्यापीठाच्या परीक्षा. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच असेल त्या संध्याकाळी बैठक ठेवूच नका, पोरं येणार नाहीत आणि त्यांना दोषही देता येणार नाही. जागेचं म्हणाल तर तालमीपेक्षा समाजमंदिर बरं. तालमीत मुलींना पाठवायला आया कचरतात.

साळोखेनगर
सुरक्षिततेचं कुणीच बोलत नाही म्हणून थोडक्यात. दार उघडं, खोलीत कायम दोन मार्गदर्शक, मुलांशी खासगी मेसेज नाहीत, निरोप पालकांच्याच फोनवर. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीच देऊ नये. पॉक्सो कायद्यात मुलावरचा लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणं हाच गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा (मुलांच्या मदतीचा) नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

रंकाळवेस
नोटांचं मान्य. मुद्दा तरी सोडत नाही. सगळं लक्ष वाचन-वजाबाकीवर आहे, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराची शाळा सुटते कागदांपायी. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते: सरकारी किंवा अनुदानित शाळा, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून हे जाऊ नये. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर) अकरावी मिळते, शाळा सुटलेल्याला बाहेरून परीक्षा द्यायला सतरा नंबरचा फॉर्म आहे, हे घरात कुणी सांगत नाही. वस्तीतली बारावी झालेली ताई सांगेल, कारण तिनं ते फॉर्म भरलेत. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला होता. पोराला शाळेत टिकवायचं तर कुणीतरी घरापर्यंत जावं लागतं, हे तेव्हाही कळलं होतं.

बिंदूचौक
कागदांचं मी धरलंच नव्हतं, ते घ्यायला हवं. पण मानधन मंजूर होईपर्यंत एक शैक्षणिक वर्ष जातं, आणि सहावीतलं पोरगं तोवर सातवीत गेलेलं असतं. म्हणून या जूनला जोड्या लावू, मानधनाचा अर्ज सोबतच करू. वस्तीतल्या ताईकडं नोंदवही राहू दे. मुलामागं एक पान, बैठकीमागं एक ओळ: "सूर्य, पर्वत जमलं. राष्ट्र नाही. पुढं ट्र, ड्र." मार्गदर्शक परीक्षेला गेला तर दुसऱ्यानं त्या ओळीपासून सुरू करायचं.

रंकाळवेस
नोंदवही ताईकडं, तर मग जोड्या कुणाच्या कुणाशी लावायच्या हेही तिलाच ठरवू द्या. कॉलेजातल्या सरांना नाही.