मदत हवी आहे: मीरा ताऱ्याभोवतीच्या धुळीचं तापमान स्थिर येत नाही

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची, एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प आहे तिमिंगल तारकासमूहातल्या मीरा या ताऱ्याभोवतीच्या धुळीचा. इथे पावसाळाभर आकाश दिसत नाही, आणि दिसलं तरी किनाऱ्यावरच्या दमट हवेतली वाफ अवरक्त (इन्फ्रारेड) किरण अडवते. म्हणून उपग्रहांच्या आणि जमिनीवरून झालेल्या एका सर्वेक्षणाच्या जुन्या नोंदी घेतल्या आहेत.

मीरा साधारण ३३२ दिवसांच्या फेऱ्यात तिसऱ्या प्रतीच्या आसपासून नवव्यापर्यंत उतरतो आणि परत चढतो (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). ताऱ्याच्या स्पंदनांनी (फुगण्या-आकसण्याने) वर फेकलेला वायू निवला की सिलिकेटचे कण तयार होतात आणि ताऱ्याचा प्रकाश शोषून तो अवरक्तात परत देतात. हे मला फार विलक्षण वाटतं, म्हणूनच हा विषय घेतला.

टू-मास या जमिनीवरच्या सर्वेक्षणाचा के पट्टा (सुमारे २.२ मायक्रॉन तरंगलांबी), वाइज उपग्रहाचे चारही पट्टे आणि आयरस उपग्रहाचे १२, २५, ६० मायक्रॉन एकत्र करून दोन कृष्णवस्तूंचे (फक्त तापमानानुसार प्रकाश देणाऱ्या आदर्श वस्तूंचे) वक्र बसवले, एक ताऱ्याचा, एक धुळीचा. वाइजचे ३.४ आणि ४.६ मायक्रॉनचे बिंदू भलतीकडेच पडतात. बरं, एखादा बिंदू गाळला की धुळीचं तापमान शेकडो केल्व्हिननी हलतं. आयरस १९८३ चं, वाइज २०१० चं, म्हणून हा ताऱ्याच्या चढउताराचा परिणाम असेल का? पण के पट्ट्यात तर मीरा जेमतेम एका प्रतीने बदलतो. मार्गदर्शकांनाही हे कोडं सुटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात सादरीकरण आहे, कृपया सांगा.

प्रतिसाद:

चढउतार हे दुय्यम कारण. मीरा वाइजसाठी फार तेजस्वी आहे, डिटेक्टर संपृक्त होतो, म्हणजे त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे प्रकाश पडतो. ते दोन बिंदू सरळ काढा. टू-मासलाही तोच त्रास आहे, तिथली त्रुटी बघा.

खरी अडचण १२ मायक्रॉनला आहे. आयरसचा तो पट्टा साधारण ८.५ ते १५ मायक्रॉनचा, आणि सिलिकेटच्या प्रकाशाचा उंचवटा ९.७ ला, म्हणजे पट्ट्याच्या आतच. कृष्णवस्तूला असा उंचवटा नसतो, त्यामुळे तुमचं गणित त्या जास्तीच्या तेजाला तापमान समजतं. आयरसचाच ७.७ ते २२.६ मायक्रॉनचा वर्णपट मिळतो, तो आलेखावर टाका. ९.७ आणि १८ चे उंचवटे वगळून उरलेल्या भागावर वक्र बसवा. आयरसचे आकडे रंग-दुरुस्ती (वर्णपटाच्या आकारानुसार करायची दुरुस्ती) करूनच वापरा.

शिवाय धूळ एकाच तापमानाची नसते, आतल्या कडेला हजारेक केल्व्हिन, बाहेर बरीच थंड. वेळ असेल तर ‘डस्टी’ हा धुळीतून जाणाऱ्या प्रकाशाचं गणित करणारा प्रोग्राम चालवून बघा, आणि आलेख इथे टाका, बघू.