सरासरीच पुराच्या पाण्यात उभी

तुम्ही म्हटलंय की १० वर्षांच्या तिमाही महागाईवर एआर(१) मॉडेल (या तिमाहीचा आकडा मागच्या तिमाहीवरून काढणारं) बसवलं, मागच्या तिमाहीचा गुणांक ०.८१ आला, म्हणजे महागाईला बसलेला धक्का सव्वातीन तिमाहीत निम्मा ओसरतो. गणित बरोबर आहे हो, पण ४० नोंदींवर एवढा भरवसा नको. लीस्ट स्क्वेअर्सनं (चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यांत कमी ठेवणाऱ्या पद्धतीनं) काढलेला हा गुणांक छोट्या नमुन्यात सरासरीनं कमीच येतो. किती, ते संख्याशास्त्रज्ञ केंडॉलनं १९५४ मध्ये काढलंय: एक अधिक गुणांकाची तिप्पट, भागिले नोंदींची संख्या. खरा गुणांक ०.९ धरा. ३.७ भागिले ४०, साधारण ०.०९. म्हणजे हाती येणार ०.८१च! आणि ०.९ ला निम्मं व्हायला साडेसहा तिमाह्या लागतात.

असं का, ते आम्हा कोल्हापूरकरांना पंचगंगेवरनं पटकन कळेल. राजाराम बंधाऱ्याची पातळी फक्त एका पावसाळ्यात रोज लिहून ठेवली, तर सरासरी त्याच दिवसांची निघणार. पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या खुणेवर आठवडाभर थांबलं की सरासरीही वर सरकते, आणि नदी आहे त्यापेक्षा सरासरीच्या जवळ दिसते. मग मॉडेल म्हणतं, उतरतंय की लगेच! (गंगावेशीत चिखल उपसणाऱ्याला विचारा.)

सरासरी आधीच ठाऊक असली तरी गुणांक कमी येण्याचा थोडा कल उरतोच. उलट मॉडेलमध्ये ट्रेंड (काळाबरोबर चढणारी-उतरणारी सरळ रेषा) घातला की हा कल आणखी वाढतो, आणि तुम्ही पुढच्या वेळी नेमका ट्रेंडच घालणार म्हणताय. त्याआधी बूटस्ट्रॅपनं (मॉडेलवरूनच पुन्हा पुन्हा नमुने बनवून ही तूट मोजायच्या पद्धतीनं) दुरुस्ती करून बघा. फक्त दुरुस्त गुणांक एकच्या पुढे गेला तर तसाच वापरू नका, मग धक्का ओसरण्याऐवजी वाढतच जातो.