डीईएममधले कण चेपतात, की नुसतेच एकमेकांत शिरतात?

खाडीकाठ: डिस्क्रीट एलिमेंट मॉडेलिंगमध्ये (डीईएम, म्हणजे वाळू-मातीचा एकेक कण सुटा धरून संगणकावर त्यांची हालचाल काढायची पद्धत) कणांच्या एकमेकांत शिरण्यालाच, म्हणजे ओव्हरलॅपलाच, आपण बेधडक ‘चेपणं’ म्हणतो, ते मला पटत नाही. कंडल आणि स्ट्रॅक या संशोधकांनी १९७९मध्ये मांडलेल्या डीईएमच्या पद्धतीत कणाचा आकार बदलतच नाही. कण थोडे एकमेकांत शिरतात आणि किती शिरले त्यावरून बल काढतात. उकडीचे दोन गोळे एकमेकांवर दाबून बघा. दाबल्या जागी सपाट होतात, कडेने फुगतात. पीठ नाहीसं होत नाही. मॉडेलमध्ये फुगणं नाहीच. कणांच्या घनफळाची बेरीज केली की शिरलेला भाग दोनदा मोजला जातो, कणांमधल्या पोकळीचा हिशेब चुकतो. पावसात भिजलेल्या जांभ्याच्या मातीला हे कसं चालेल?

सडेकर: उकड आणि वाळू एका मापात कशाला? सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू घ्या. हॉपरमधल्या (खाली निमुळत्या होत जाणाऱ्या साठवणीच्या टाकीतल्या) दाबाने तिचा दाणा चेपतो तो साध्या मायक्रोस्कोपलाही दिसायचा नाही. दोन गोल वस्तू दाबल्यावर किती चेपतात याच्या हर्ट्झच्या १८८२च्या सूत्रात बल ठरतं ते दोन केंद्रं किती जवळ आली यावर. ओव्हरलॅप म्हणजे तेच अंतर! आकार काढला नाही म्हणून बल चुकत नाही.

खाडीकाठ: पण कणाचं खरं काठिण्य (चेपायला तो किती विरोध करतो ते) घालून मॉडेल चालवतं कोण? वेळ वाचवायला आपण ते शंभरपटीने उतरवतो. टाइमस्टेप, म्हणजे हिशेबातला वेळेचा एकेक टप्पा, दहापट मोठा मिळतो, पण त्याच भाराखाली हर्ट्झप्रमाणे ओव्हरलॅप एकवीसपट वाढतो.

सडेकर: वाढू दे की. वाळूत तो एकवीसपट होऊनही त्रिज्येच्या १ टक्क्याच्या आतच राहतो. शिवाय खोल हॉपरमध्ये बराच भार घर्षणामुळे भिंती पेलतात, हे यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्येच दाखवलंय.

भातखाचर: सडेकर, वाळूपुरतं तुमचं बरोबर. ओल्या मातीत मात्र मी स्वतः फसलोय. मॉडेलमधल्या ढिगाचा उतार खऱ्या ढिगाशी जुळला म्हणून मॉडेल पक्कं धरलं. स्क्रीनवर माती सरसर उतरली. प्रत्यक्षात हॉपरच्या तोंडाशीच गच्च बसली, पहारीने उकरावी लागली. नंतर आकडे काढले तर तळाशी ओव्हरलॅप ८ टक्के! उतार मुख्यतः घर्षण आणि चिकटपणा यांवर ठरतो, काठिण्य चुकलं तरी जुळून जातो. शिवाय हर्ट्झ प्रत्येक स्पर्श सुटा धरतो. चहूबाजूंनी दाबलेल्या ढेकळात एका बाजूचा दाब दुसरीकडे पोचतो, तो या हिशेबात येतच नाही. अशा मातीला एकेका कणाचं फायनाइट एलिमेंट जाळं (कणाचे बारीक तुकडे पाडून त्याचा बदलता आकार काढायची पद्धत) लागतं. थोडेच कण घेता येतात, पण तेवढे तरी करून बघा. आणि रिपोर्टमध्ये सर्वांत मोठा ओव्हरलॅप छापाच, सरासरी नको.